तुटण्यासाठी ठेवलेले तुकडे

१ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, डिअरफील्ड नदीकाठच्या रो नावाच्या छोट्या गावातली अणुभट्टी बंद करण्यात आली. स्फोट झाला नव्हता, गळती झाली नव्हती, कुठे तडाही सापडला नव्हता. यँकी रो हे त्या अणुभट्टीचं नाव. तीस वर्षं ती बऱ्यापैकी नीट चालली होती. इतकी, की चाळीस वर्षांचा परवाना संपल्यावर जुन्या अणुभट्ट्यांना मुदतवाढ कशी द्यायची, हे ठरवण्यासाठी नमुना म्हणून तिचीच निवड झाली होती.

आणि त्याच तपासणीत ती अडकली. प्रश्न अगदी साधा होता: तुमच्या अणुभट्टीचं पोलाद आज किती ठिसूळ झालं आहे? याचं खात्रीचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. पाच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १९९२ रोजी, ती कायमची बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं.

पोलाद गंजतं, झिजतं, हे आपल्याला माहीत असतं. पण आतून म्हातारं होतं? बाहेरून लखलखीत दिसणारं, न गंजलेलं पोलाद नुसतं जागच्या जागी उभं राहून ठिसूळ होतं? होतं. ते कळायला माणसाला बराच वेळ लागला आणि कळलं तोवर कित्येक अणुभट्ट्या बांधून झाल्या होत्या. ही त्या उशिराची गोष्ट आहे.

बंदरात उभं जहाज मोडतं

सुरुवात अणुभट्टीपासून नाही, जहाजापासून होते. १६ जानेवारी १९४३. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्टलंडच्या गोदीत 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज उभं होतं. समुद्रातल्या चाचण्या नुकत्याच पार पडल्या होत्या. पाणी शांत, हवा गोठवणारी. रात्री प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध मोडलं. वादळ नाही, पाणतीर नाही, खडक नाही. धक्क्याला बांधलेलं जहाज आपोआप दुभंगलं.

ते एकटं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिव्हेटऐवजी वेल्डिंग करून झपाट्याने हजारो जहाजं बांधली. 'लिबर्टी शिप्स' त्यातल्याच. त्यातल्या अनेकांना असे अचानक तडे गेले. आधी सगळ्यांनी वेल्डरला दोष दिला. केंब्रिजच्या धातुतज्ज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी वेगळं दाखवलं. वेल्डिंगमुळे तडा एका पत्र्यातून दुसऱ्यात विनाअडथळा जात होता हे खरं, पण मूळ दोष पोलादात होता. हे पोलाद उबेत चिवट असायचं आणि एका ठरावीक तापमानाखाली काचेसारखं तडकायचं.

हे तापमान या लेखात पुन्हापुन्हा येणार आहे, म्हणून इथेच नीट समजून घेऊ. चिवट पोलादावर जोर पडला की ते आधी वाकतं, ताणलं जातं, ऊर्जा खातं आणि मग तुटतं. म्हणजे तुटण्याआधी इशारा देतं. ठिसूळ पोलाद इशारा देत नाही. चिवटपणाकडून ठिसूळपणाकडे जाणारी जी सीमा असते तिला संक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या वर असाल तर निर्धास्त. खाली गेलात तर एखादा छोटा तडाही क्षणात आरपार धावू शकतो.

हे मोजायची रीत त्याहून जुनी आहे. फ्रेंच इंजिनियर जॉर्ज शार्पी यांनी १९०१ मध्ये ती मांडली. आपल्याकडच्या मेकॅनिकल किंवा सिव्हिल वाल्यांनी लॅबमध्ये ते यंत्र पाहिलेलं असतं. एक जड लंबक वरून सोडायचा. खाली खाच पाडलेला पोलादाचा तुकडा ठेवलेला असतो: १० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड, ५५ मिलिमीटर लांब. बोटाच्या दोन पेरांएवढा. लंबक तो तोडून पलीकडे किती उंच जातो त्यावरून तुकड्याने किती ऊर्जा खाल्ली ते कळतं. वेगवेगळ्या तापमानांना असे तुकडे तोडले की संक्रमण तापमान सापडतं. परीक्षेपुरतं पाठ करून आपण हे विसरून जातो. पण जगातल्या बहुतेक मोठ्या अणुभट्ट्यांचं आयुष्य या दोन पेरांएवढ्या तुकड्यांवर ठरतं.

न बदलता येणारा एकच भाग

यँकी रोसारख्या, म्हणजे दाबाखालचं पाणी वापरणाऱ्या अणुभट्टीत इंधन एका प्रचंड पोलादी भांड्यात असतं. त्याला प्रेशर व्हेसल म्हणतात. भिंत साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटर जाड. आत तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं पाणी आणि ते उकळू नये म्हणून वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाब.

अणुभट्टीत जवळपास प्रत्येक गोष्टीला पर्याय असतो. एक पंप बंद पडला तर दुसरा. एक पाइप फुटला तर आत पाणी सोडायची आणीबाणीची यंत्रणा. बाष्पनिर्मितीच्या अवाढव्य टाक्याही कापून बाहेर काढून बदलल्या गेल्या आहेत. व्हेसलला पर्याय नाही. तीच फुटली तर पाणी साठून राहायला भांडंच उरत नाही, मग आणीबाणीचं पाणी सोडणार कशात? सॉफ्टवेअरवाले ज्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात, ती ही. आम्ही अशा जागी दुसरा सर्व्हर उभा करतो. इथे ती सोय नाही. म्हणून अभियंत्यांनी दुसरा मार्ग धरला: हे भांडं फुटणारच नाही असं बनवायचं आणि फुटणार नाही याची खात्री आयुष्यभर करत राहायचं.

आजवर कोणत्याही व्यापारी वीजकेंद्रातली प्रेशर व्हेसल फुटलेली नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून उगाच घाबरायला नको. पण फुटलेली नाही याचं श्रेय नशिबाइतकंच त्या खात्री करत राहण्याला आहे.

तांब्याचा मुलामा

न्यूट्रॉन घन पदार्थातल्या अणूंना त्यांच्या जागेवरून हुसकावतील, हे पदार्थवैज्ञानिक यूजीन विग्नर यांनी १९४२ मध्येच ओळखलं होतं. पहिली अणुभट्टी जेमतेम उभी राहत होती तेव्हा. त्यांना काळजी होती ती ग्राफाइटची. सहकारी या प्रकाराला गमतीने 'विग्नरचा आजार' म्हणायचे.

पोलादात होतं ते असं. इंधनातून सुटलेला वेगवान न्यूट्रॉन भिंतीत घुसतो आणि लोखंडाच्या एखाद्या अणूला धडकतो. तो अणू आपली जागा सोडून सुसाट निघतो, वाटेतल्या शेकडो अणूंना धक्के देतो, ते आणखी अणूंना. कॅरम फोडल्यासारखं सगळं विस्कटतं. हा सारा गोंधळ सेकंदाच्या काही अब्जांश भागाच्याही आत संपतो. बहुतेक अणू कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागेत बसून घेतात. काही जागा मात्र रिकाम्याच राहतात आणि काही अणू भलत्याच जागी अडकतात.

नुसतं एवढंच असतं तर पोलादाने ते बऱ्यापैकी पचवलं असतं. चाळीस वर्षांत भिंतीतल्या शंभर अणूंमागे जेमतेम काही अणूंनाच एकदा जागा सोडावी लागते. पण या रिकाम्या जागांमुळे आणखी एक गोष्ट सुरू होते. पोलादात अडकून पडलेल्या तांब्याच्या अणूंना हलायला वाट मिळते.

तांबं आणि लोखंडाचं थंडपणी जमत नाही. वितळलेल्या पोलादात थोडं तांबं सहज मिसळतं, पण पोलाद निवल्यावर ते बाहेर पडायला बघतं. तीनशे अंशांना त्याला हलायला एरवी युगं लागली असती. न्यूट्रॉनांनी पाडलेल्या रिकाम्या जागांमधून ते काही वर्षांत हलतं आणि दोन-तीन नॅनोमीटरच्या गुठळ्या करून बसतं. पोलाद वाकतं तेव्हा त्याच्या आतल्या अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकत असतात. या गुठळ्या म्हणजे त्या वाटेत पेरलेले खडे. रांगा अडतात. पोलाद कडक होतं. वाकण्याऐवजी तडकणं त्याला सोपं वाटू लागतं आणि संक्रमण तापमान वर सरकतं. पन्नास अंश, शंभर अंश, काही वेळा त्याहूनही जास्त.

हे तांबं आलं कुठून? काही भंगारातून वितळवलेल्या पोलादाबरोबर आलं. पण सर्वांत जास्त आलं ते वेल्डिंगच्या तारेवरून. तार गंजू नये आणि वीज नीट वाहावी म्हणून तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा देत. वेल्डिंग करताना तो मुलामा वितळून जोडात जाई. त्या काळच्या काही जोडांत तांब्याचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आसपास भरलं. त्यातही मुलाम्याची जाडी तारेच्या प्रत्येक रिळात वेगळी, त्यामुळे एकाच जोडात इथे एक प्रमाण आणि तिथे दुसरं.

कोणी चूक केली नव्हती. तांब्याचा मुलामा ही चांगल्या कारागिरीची खूण होती. वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी तांब्याचा हा दोष उघड केला तो १९६० च्या दशकाच्या शेवटी. मग मुलाम्याच्या तारा बंद झाल्या, तांब्यावर कडक मर्यादा आली. तोवर त्या जुन्या तारांनी जोडलेली भांडी कारखान्यातून निघून आपापल्या गावी पोचली होती.

साक्षीदार

भिंतीतून पोलाद कापून तपासता येत नाही. मग तिची तब्येत कशी कळणार? अभियंत्यांनी यावर फार सुंदर तोड काढली. भांडं बनवताना त्याच पोलादाचे, त्याच जोडांचे शार्पी-तुकडे बनवायचे, कॅप्सूलमध्ये भरायचे आणि भिंतीच्या आतल्या बाजूला, इंधनाच्या थोडं जवळ टांगायचे. तिथे न्यूट्रॉनांचा मारा भिंतीपेक्षा जास्त, म्हणजे तुकडे भिंतीपेक्षा लवकर म्हातारे होणार. दर काही वर्षांनी एक कॅप्सूल काढायची, तुकडे लंबकाखाली तोडायचे आणि भिंतीचं पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं भविष्य आज वाचायचं. अमेरिकेत या पद्धतीचं पहिलं प्रमाणपत्रक १९६१ साली निघालं.

हे तुकडे किती मोलाचे आहेत ते १९७८ मध्ये एका बल्बने दाखवलं. २० मार्च रोजी कॅलिफोर्नियातल्या रँचो सेको केंद्राच्या नियंत्रण कक्षात कोणीतरी पॅनेलवरचा गेलेला छोटा दिवा बदलत होतं. तो हातातून निसटून आत पडला आणि शॉर्टसर्किट झालं. अनेक मोजमापं एकदम खोटी दाखवू लागली. यंत्रणा गोंधळली आणि अणुभट्टी गरजेपेक्षा फार वेगाने थंड होऊ लागली. तासाभरात पाण्याचं तापमान सुमारे १६५ अंशांनी उतरलं आणि दाब मात्र चढाच राहिला.

गरम काचेच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतलं तर काय होतं? आतला थर आकसतो, बाहेरचा गरमच असतो, पेला तडकतो. व्हेसलचं तसंच, वर आतून दीडशे पट दाबही. रँचो सेकोची व्हेसल तेव्हा तरुण होती, तिचं पोलाद चिवट होतं, म्हणून काही झालं नाही. पण तोवर सगळ्यांची नजर पाइप फुटून दाब पडण्याच्या अपघातावर होती. दाब टिकून नुसतं थंड होणं हाही अपघात असू शकतो, हे या बल्बने शिकवलं. आता प्रश्न असा झाला की हाच बल्ब वीस वर्षांनी, म्हाताऱ्या व्हेसलच्या वेळी पडला तर?

१९८५ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नियम केला. व्हेसलच्या पत्र्यांचं आणि उभ्या जोडांचं संक्रमण तापमान हिशेबात २७० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १३२ अंश सेल्सिअसच्या वर जायचं नाही. आडव्या जोडांना ३०० फॅरनहाइटपर्यंत सूट. कोणी या रेषेजवळ येत असेल तर आपली व्हेसल तरीही सुरक्षित का, हे त्याने सिद्ध करायचं.

यँकी रोकडे काय नव्हतं

यँकी रो हे अमेरिकेतलं अगदी सुरुवातीचं व्यापारी अणुवीजकेंद्र. १९६० मध्ये ते सुरू झालं, म्हणजे नमुन्यांचं प्रमाणपत्रक निघण्याआधी आणि तांब्याचा दोष कळण्याआधी. तिथे तुकडे ठेवले होते, पण फक्त पत्र्याचे. जोडाचे नाहीत. तो कार्यक्रमही सुरुवातीच्या काही वर्षांतच संपला. पुढे पंचवीस वर्षं आत एकही साक्षीदार नव्हता.

जोडात तांबं किती, याची नोंद नव्हती. यँकी रोचं पाणी इतर अणुभट्ट्यांपेक्षा थोडं थंड होतं, २८८ ऐवजी २६० अंशांच्या आसपास. ऐकायला चांगलं वाटतं, पण पोलादाच्या दृष्टीने वाईट. गरम पोलादात विस्कटलेले अणू लवकर जागेवर येतात, थंडीत जखम तशीच राहते. भिंतीच्या आतला स्टेनलेस स्टीलचा थर ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डने बसवलेला होता, त्यामुळे अल्ट्रासाउंडने आतले तडे शोधणंही अवघड.

मग उरले अंदाज. कंपनीचे तज्ज्ञ आणि आयोगाचे तज्ज्ञ एकाच भिंतीचं एकाच वर्षातलं संक्रमण तापमान काढत होते आणि उत्तरं एकमेकांपासून बरीच लांब येत होती. जून १९९१ मध्ये 'युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स' या संघटनेने अणुभट्टी तातडीने बंद करण्याचा अर्ज केला. जुलैअखेर आयोगाने ती चालू ठेवायला परवानगी दिली. दोन महिन्यांनी आयोगाच्याच तज्ज्ञांनी, इतक्या अनिश्चिततेत ती बंद करावी, अशी शिफारस केली आणि कंपनीने ती स्वतःहून थांबवली.

तपासण्या करता आल्या असत्या. पण त्यांना लागणारा खर्च एवढ्या छोट्या, जेमतेम १८५ मेगावॅटच्या केंद्राला झेपणारा नव्हता. कदाचित व्हेसल ठणठणीत असेल. कदाचित नसेल. ती ठिसूळ झाली होती हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. ज्याने लॉग न ठेवता वर्षानुवर्षं चाललेली एखादी जुनी सिस्टिम सांभाळली आहे, त्याला ही अवस्था चटकन कळेल. काल चालली, आज चालते आहे, पण उद्याचं कशाच्या जोरावर सांगणार? १९९७ मध्ये ती व्हेसल रेल्वेने दक्षिण कॅरोलायनातल्या बार्नवेलला नेऊन पुरण्यात आली.

भाजून काढलेलं पोलाद

लोखंडी पडद्याच्या पलीकडे हीच गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. सोव्हिएत व्हीव्हीईआर-४४० अणुभट्ट्यांची भांडी कारखान्यातून रेल्वेने न्यायची असत, त्यामुळे व्यास आटोपशीर ठेवावा लागे. भांडं अरुंद म्हणजे इंधन आणि भिंत यांच्यात पाणी कमी, म्हणजे भिंतीवर न्यूट्रॉनांचा मारा जास्त. रुळांवरून काय जाऊ शकतं यावर पोलादाचं म्हातारपण ठरलं. सुरुवातीच्या कित्येक भांड्यांत नमुनेही नव्हते.

फिनलंडने लोव्हीसा इथे याच घराण्यातली अणुभट्टी १९७७ मध्ये सुरू केली, पण तिच्यात नमुने होते. १९८० मध्ये पहिले तुकडे तोडले तेव्हा अंदाजापेक्षा जास्त ठिसूळपणा दिसला. त्यांनी त्याच वर्षी इंधनाच्या बाहेरच्या रांगेतले ३६ संच काढून तिथे पोलादाचे नकली संच बसवले. भिंतीवरचा मारा कमी झाला. अणुभट्टी तीन वर्षांची असताना कळलं, म्हणून एवढ्यावर भागलं.

ज्यांना उशिरा कळलं त्यांनी आणखी धाडसी उपाय केला. इंधन आणि पाणी काढून रिकाम्या भांड्यात विजेची शेगडी उतरवायची आणि ठिसूळ जोड साडेचारशे अंशांच्या आसपास शंभर-दीडशे तास भाजायचा. तांब्याच्या गुठळ्या विरतात किंवा एकत्र येऊन मोजक्याच मोठ्या होतात, वाट मोकळी होते आणि पोलाद बरंचसं पुन्हा चिवट होतं. १९८७ मध्ये रशियातल्या नोव्होवोरोनेझच्या तिसऱ्या अणुभट्टीवर हे झालं, मग पूर्व जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डला, १९९६ मध्ये लोव्हीसाला आणि २०२१ मध्ये आर्मेनियातल्या मेत्सामोरला. काही भांड्यांच्या आतल्या भिंतीवरून तर पोलादाचे पातळ काप खरवडून काढले गेले. साक्षीदार नव्हते, म्हणून थेट आरोपीचीच बायोप्सी.

आपल्या जवळची गोष्ट तारापूरची. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या उकळत्या पाण्याच्या आहेत. त्यांच्यात दाब निम्मा आणि इंधन व भिंत यांच्यात पाण्याचा थर रुंद, त्यामुळे हा आजार सौम्य. तरीही आत नमुने होते आणि ते भाभा अणुसंशोधन केंद्रात तपासले गेले. पुढे भारताने मुख्यतः जड पाण्याच्या अणुभट्ट्या बांधल्या. त्यांत असं एक मोठं भांडं नसतं, शेकडो नळ्या असतात. नळ्यांचे आजार वेगळे आहेत, पण नळ्या बदलता येतात आणि आपण त्या बदलल्याही आहेत. कुडनकुळममध्ये मात्र पुन्हा मोठं पोलादी भांडं आहे आणि तिथे हा प्रश्न पुढची कित्येक दशकं सोबत राहणार.

शेवटचे तुकडे

आज जगभर जुन्या अणुभट्ट्यांची मुदत वाढते आहे. हवामानबदलाच्या काळात चालू अणुभट्टी बंद करणं परवडत नाही. अमेरिकेत काहींना ऐंशी वर्षांपर्यंतचे परवाने मिळाले आहेत. चाळीस वर्षांच्या हिशेबाने ठेवलेल्या कॅप्सूल आता ऐंशी वर्षांना पुरवायच्या आहेत. दरम्यान हेही कळलं आहे की तांबं संपल्यावर निकेल, मँगनीज आणि सिलिकॉनच्या गुठळ्या फार उशिरा, पण जोमाने वाढू शकतात. जपानमध्ये गेन्काईच्या पहिल्या अणुभट्टीत १९९३ च्या नमुन्याने ५६ अंश सेल्सिअस दाखवलं होतं, २००९ च्या नमुन्याने ९८. अंदाज एवढ्या उडीचा नव्हता.

म्हणून प्रयोगशाळांमध्ये एक काटकसरीचा उद्योग चालतो. पूर्वी लंबकाखाली तोडलेल्या तुकड्यांचे अर्धे भाग जपून ठेवलेले असतात. ते किरणोत्सारी असतात, त्यामुळे जाड काचेआडून यांत्रिक हातांनी त्यांच्यातून चार मिलिमीटर जाडीचे छोटे नमुने कापले जातात आणि ते पुन्हा तोडले जातात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एकदा तुटलेला तुकडा पुन्हा साक्षीला उभा राहतो.

ते तुकडे भिंतीला टांगणाऱ्यांना तांब्याच्या गुठळ्यांची कल्पना नव्हती. आपल्याला सगळं कळलेलं नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी भांडं बनवतानाच पुढच्या माणसाला विचारता येईल असं काहीतरी आत ठेवून दिलं. यँकी रोमध्ये तेवढंच राहून गेलं होतं.